विषय: नवीन गाडीत स्टेपनीच नाही, घ्यावी का?

प्रेषक: मीनल, फ्रीमॉंट

मंडळी, नमस्कार.

आमचं नवीन गाडीचं जवळजवळ नक्की झालंय. हायब्रिड एसयूव्ही, रंगसुद्धा ठरला. सह्या करायला गेलो तेव्हा मी डिकीतला गालिचा उचलून पाहिला, तर खाली चाक नाहीच. फोमच्या खाचेत एक छोटा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. विक्रेता म्हणाला, "आता कोणी स्टेपनी वापरत नाही." टायर बाजूने फाटला तर ही बाटली काय करणार, असं विचारल्यावर त्याने रोडसाइड असिस्टन्सचा नंबर दाखवला. आम्ही सही न करता परत आलो.

गणपती झाले की आईबाबा येतायत. ऑक्टोबरमध्ये त्यांना घेऊन योसेमिटी, तिथून टायोगा खिंडीने पलीकडे उतरून ३९५ हायवेने डेथ व्हॅली, असा बेत आहे. बाबांचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, त्यामुळे कुठेतरी अडकून पडायची मला खरंच भीती वाटते. स्टेपनी नसलेली गाडी कोणी वापरतंय का? वेगळी विकत घेऊन ठेवता येते का? की सरळ दुसरं मॉडेल बघू?

मीनल


प्रेषक: प्रसाद, सनीवेल

मीनलताई,

आमच्या दोन्ही गाड्यांना स्टेपनी नाही आणि आमचं काही अडलेलं नाही. एक इलेक्ट्रिक आहे, दुसरीला रनफ्लॅट टायर आहेत. रनफ्लॅटची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जाड असते, हवा गेली तरी गाडी साधारण ५० मैल वेगाने ५० मैल जाते. ऑफिस, शाळा, कॉस्टको एवढंच फिरणं असेल तर तेवढं पुरतं.

शिवाय १०१ किंवा ८८० फ्रीवेच्या कडेला गाडी लावून चाक बदलणं हे मी कोणालाही करू देणार नाही. शेजारून ट्रक जातो तेव्हा अख्खी गाडी हलते. बे एरियात फ्रीवे सर्व्हिस पेट्रोल आहे, ५११ फिरवून 'फ्रीवे असिस्ट' म्हणायचं. गर्दीच्या वेळात त्यांचे ट्रक फिरत असतात, एक पैसा घेत नाहीत आणि गाडी फ्रीवेवरून काढून सुरक्षित जागी नेऊन सोडतात. हे आपल्या लोकांना फारसं माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझं मत, गाडी आवडली असेल तर घ्या.

प्रसाद


प्रेषक: शिरीष, सॅन होजे

मीनल,

सही न करता परत आलात हे उत्तम केलंत. माझी सगळी नोकरी चाकं आणि टायर यांच्या टेस्टिंगमध्ये गेली, आधी पुण्यात, मग मिशिगनमध्ये. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

स्टेपनी गेली ती मुख्यतः वजनामुळे. मायलेजचे सरकारी नियम २०१० पासून कडक होत गेले. २०१२ मध्ये तर २०२५ सालासाठी सरासरी ५४.५ मैल प्रति गॅलनचं लक्ष्य ठेवलं होतं (ते नंतर बदललं). छोटी स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून पंधरा-वीस किलो होतात. एका गाडीत तो फरक जाणवणारही नाही, पण लाखो गाड्यांच्या सरासरीत कंपनीला तो हवा असतो, आणि एका चाकाचा खर्चही वाचतो. हायब्रिडमध्ये आणखी एक कारण, डिकीखालची जागा बॅटरी खाते. होंडा सीआर-व्हीचं पेट्रोल मॉडेल आणि हायब्रिड शेजारी शेजारी उभी करून डिकी उघडा, लगेच कळेल. ट्रिपल ए ने (रस्त्यात मदत करणारा अमेरिकन वाहनचालकांचा क्लब) २०१५ मध्ये मोजलं तेव्हा त्या वर्षीच्या ३६ टक्के नव्या गाड्यांना स्टेपनी नव्हती. २००६ च्या मॉडेलांमध्ये हेच प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे तुमचा विक्रेता हवेत बोलत नव्हता, पण "कोणी वापरत नाही" हेही खरं नाही.

आता त्या बाटलीबद्दल. ती एकाच प्रकारच्या पंक्चरसाठी बनवलेली असते. खिळा किंवा स्क्रू टायरच्या मधल्या पट्ट्यात घुसलेला हवा आणि शक्यतो तिथेच रुतून राहिलेला हवा. खिळा उपटायचा नाही. भोक साधारण पाव इंचापेक्षा मोठं नको. बाटली व्हॉल्व्हला जोडायची, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि हवा भरली की लगेच गाडी हलवायची, म्हणजे द्रव आतून सगळीकडे पसरतो. काही मैलांनी थांबून हवा पुन्हा मोजायची. पण साइडवॉल फाटली, खड्ड्यात रिम वाकली किंवा टायर फुटला, तर बाटलीचा काडीचा उपयोग नाही. आणि हल्ली सगळ्यांना १९-२० इंची चाकं हवी असतात. तेवढ्या चाकाला टायरची उंची कमी मिळते, मग खड्ड्याचा मार थेट साइडवॉल आणि रिमवर बसतो. एकीकडे स्टेपनी काढली, दुसरीकडे स्टेपनीशिवाय भागणार नाही असे टायर दिले. ही जोडी मला मुळीच पसंत नाही.

बाटलीला मुदतही असते, ट्रिपल ए च्या म्हणण्यानुसार चार ते आठ वर्षं. वापरल्यावर नवीन घ्यावी लागते. टायरवाल्याला आतला चिकटा साफ करावा लागतो, हवेच्या दाबाचा सेन्सर पुसावा लागतो, काही दुकानदार तर अशा टायरला हात लावायला राजी नसतात. त्याच अभ्यासात काही किटचा एका वापराचा खर्च ३०० डॉलरपर्यंत गेला होता. साध्या पंक्चरच्या दहापट.

प्रसादचं फ्रीवेबद्दल शंभर टक्के बरोबर आहे. पण एक लक्षात घ्या, मदतीला येणारा माणूस तुमचीच स्टेपनी लावून देतो. ती नसेल तर तो फक्त गाडी ओढून नेऊ शकतो. शहरात हे चालतं. जिथून ओढून न्यायचं अंतरच साठ-सत्तर मैल आहे, तिथे रोडसाइड मदतीच्या बेसिक सदस्यत्वातले टोइंगचे मोजके मैल कुठल्या कुठे संपतात. डेथ व्हॅलीत बऱ्याच भागात फोन लागतच नाही. तिथल्या 'रेसट्रॅक' नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता अणकुचीदार दगडांसाठी बदनाम आहे. तिकडे पूर्ण आकाराची स्टेपनी असल्याशिवाय जाऊच नका. तुम्ही डांबरी रस्त्यानेच जाणार असाल, तरी लोन पाइनहून १३६ आणि मग १९० हायवेने स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत मध्ये कीलर आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज सोडलं तर फारशी वस्ती नाही.

म्हणून आधी काचेवर चिकटवलेला स्टिकर वाचा. त्यावर 'टायर रिपेअर किट' आहे की 'कॉम्पॅक्ट स्पेअर' म्हणजे छोटी स्टेपनी, हे लिहिलेलं असतं. मग पार्ट्स काउंटरवर जाऊन विचारा की या मॉडेलसाठी कंपनीचं स्टेपनी किट मिळतं का. विक्रेत्याला विचारू नका, त्याला त्यात रस नसतो. मिळत असेल तर किंमत ठरवतानाच ते मागून घ्या, सही झाल्यावर तुमचं ऐकून कोण घेणार?

शिरीषकाका


प्रेषक: अनघा, प्लेझंटन

मीनल, काका म्हणतात ते आमच्यावर ओढवलेलं आहे, आणि नेमकं तुझ्याच रस्त्यावर. टायोगावरून ली व्हायनिंगकडे उतरताना डोंगरावरून पडलेला दगड वळणावरच होता. चुकवायला जागा नव्हती. उतरून पाहिलं तर साइडवॉलला बोटाचं पेर आत जाईल एवढी चीर. बाटली जोडली, तर सगळं पांढरं पाणी त्या चिरेतून फसफसत डांबरावर आलं आणि उतारावरून ओघळत गेलं. कॉम्प्रेसर घरघरत राहिला, काटा शून्यावरून हलेना.

संध्याकाळ होत होती, शनिवार. फोनला रेंज नव्हती. एका ट्रकवाल्याने थांबून मुलांना आणि सासूबाईंना गावात सोडलं, तिथून फोन केला. टोइंगवाला रात्री आला. गाडी बिशपला न्यावी लागली, तिथे दुकानं रविवारी बंद, आणि सोमवारी कळलं की आमच्या मापाचा टायर त्यांच्याकडे नाही, बाहेरून मागवावा लागेल. टोइंग, हॉटेल, टायर मिळून जो आकडा झाला त्यात दोन स्टेपन्या आल्या असत्या. पैशाचं सोड, सासूबाई रात्रभर थंडीने कुडकुडत होत्या, ते मला अजून सोसत नाही.

बाबांचं इन्सुलिन असेल तर स्टेपनीशिवाय तिकडे जाऊ नकोस. हवं तर आमची दुसरी गाडी घेऊन जा, तिला पूर्ण आकाराचं पाचवं चाक आहे.

अनघा


प्रेषक: मीनल, फ्रीमॉंट

अनघाताई, वाचून पोटात गोळा आला. गाडी देऊ केलीस, खूप खूप आभार.

काका, पार्ट्स काउंटरला फोन केला. आमच्या मॉडेलसाठी किट आहे, छोटं चाक, जॅक, पाना आणि डिकीत बांधायचा पट्टा. पण ते गालिच्याखाली मावत नाही, वरच ठेवावं लागेल. आईबाबांच्या चार बॅगा कुठे जाणार? आणि हे म्हणतायत की जुन्या गाड्यांच्या यार्डातून स्वस्तात छोटं चाक आणू. चालेल का?

मीनल


प्रेषक: शिरीष, सॅन होजे

मीनल,

यार्डातलं चाक बसेलच असं नाही. नटांचं माप जुळायला हवं (होंडा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना पाच नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर), मधलं भोक जुळायला हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत ब्रेकचा कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) घासता कामा नये. जुन्या गाडीचं १६ इंची छोटं चाक नव्या गाडीच्या मोठ्या ब्रेकवर अनेकदा बसतच नाही. बाहेरचा व्यासही मूळ चाकाच्या जवळपास हवा. त्यात ते किती जुनं, हा प्रश्न राहतोच. टायरवर 'DOT' (डीओटी) या अक्षरांपुढच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपूर्वीचं चाक कितीही कोरं दिसलं तरी घेऊ नका. माझं ऐकाल तर कंपनीचंच किट घ्या.

तुमची गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे का, हे लिहिलं नाहीत. असेल तर छोटं चाक फक्त जवळच्या टायरवाल्यापर्यंत. आणि एक टायर नवा घ्यायची वेळ आली तर बाकीच्या तिघांची झीज मोजून घ्या. सुबारूसारख्या गाड्यांत टायरच्या खाचांच्या खोलीत २/३२ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर गिअरच्या भागावर ताण येतो.

चाक वर ठेवायचं तर ते पट्ट्याने डिकीतल्या कड्यांना घट्ट बांधायचं, नुसतं टेकवून ठेवायचं नाही. जोरात ब्रेक लागला तर ते चाक मागच्या सीटवर येऊन आदळेल, आणि तिथे आईबाबा बसलेले असतील. दोन बॅगा छपरावरच्या कॅरिअरमध्ये टाका. रोज फ्रीमॉंटमध्ये फिरताना चाक गॅरेजमध्ये राहिलं तरी हरकत नाही, लांबच्या प्रवासाला मात्र ते गाडीत हवंच.

छोट्या चाकाला ६० पीएसआय हवा लागते, मोठ्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. पडून पडून ती कमी होते, निघायच्या आधी मोजा. ५० मैलांच्या वर वेग नको. त्याच्यावर बर्फाची साखळी लावायची नाही. बर्फात साखळ्या पुढच्या चाकांना लागत असतील आणि पुढचंच चाक पंक्चर झालं, तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि छोटं मागे लावायचं. दुप्पट काम आहे, पण त्याला इलाज नाही.

काका


प्रेषक: संदीप, मिलपिटास

काका, एक विचारू का? पुण्यात माझे आईवडील नवीन गाडी घेतायत, तिकडेही विक्रेता म्हणाला स्टेपनी नसली तरी चालतं. नियम बदललाय का?

संदीप


प्रेषक: शिरीष, सॅन होजे

संदीप, हो. १ ऑक्टोबर २०२० पासून भारतात साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना सूट आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. पण नियमात बसतं म्हणून आपण सोडावी असं नाही. नाक्यानाक्यावर पंक्चरवाला आहे हे खरं, पण ताम्हिणी घाटात रात्री पावसात तो कुठून येणार? आईवडिलांना स्टेपनी असलेलंच मॉडेल घ्यायला सांग.

काका


प्रेषक: मीनल, फ्रीमॉंट

काका, अनघाताई, प्रसाद, सगळ्यांचे आभार. आज परत जाऊन आलो. स्टेपनी किट किमतीत धरायला ते तयार नव्हते, मग मी म्हटलं की दुसऱ्या शोरूमला विचारते. शेवटी किट दिलं, आणि २० इंचीऐवजी १८ इंची चाकांचं मॉडेल घेतलं. ते स्वस्तही पडलं आणि टायरची उंचीही जास्त आहे. रोडसाइडचं सदस्यत्वही १०० मैल टोइंगवालं करून घेतलं. गाडी पुढच्या आठवड्यात येईल.

एकच राहिलं, मी आयुष्यात कधी चाक बदललेलं नाही. काका, तुम्ही शिकवाल का?

मीनल


प्रेषक: शिरीष, सॅन होजे

जरूर. कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मंडळी यायच्या आधी, दुपारी ३ वाजता हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये या. तिथे जमीन सपाट आहे. ज्यांना शिकायचंय ते सगळे या, मुलं गाडी चालवायला लागली असतील तर त्यांनाही आणा. येताना गाडीचं मॅन्युअल, स्वतःचा जॅक आणि पाना आणा. चाकाला कुलपाचा नट असेल तर त्याची चावी आधीच शोधून ठेवा, बहुतेकांची ती ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीच्या कप्प्यात असते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी जॅक कुठे लावायचा ते पान उघडून आणावं, चुकीच्या जागी लावला तर बॅटरीला धक्का बसतो. टॉर्क पाना मी आणतो, नट किती आवळायचे ते हाताने करून दाखवेन. आणि प्रसाद, तूही ये, दबाव मोजायचा तुझा डिजिटल गेज घेऊन ये, माझा बिघडलाय.

काका