मदत हवी आहे: वाजवलेलं ऐकून नोटेशन लिहिणारं यंत्र आणि पेटंटची धास्ती

मंडळी, समोर वाजवलेलं ऐकून त्याचं स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) स्क्रीनवर उमटवणारं एक छोटं यंत्र बनवतोय. एकेरी सुरांवर ते बरं चालतं, एकदम चारपाच सूर वाजले की अजून गडबडतं. पण सध्या झोप उडवलीय ती पेटंटनी.

मूळ गणित जुनं आहे. आवाजातल्या कंपनसंख्या वेगळ्या करून दाखवणारी कूली-टुकी यांची एफएफटी ही गणिती रीत १९६५ ची, आवाजाची त्याच्याशीच तुलना करून सूर ओळखायची ऑटोकोरिलेशन ही रीत त्याहून जुनी. पेटंट साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षं टिकतं, म्हणून तिथे मी निर्धास्त आहे. धाकधूक आहे ती वरच्या थरांची: मिसळलेले सूर वेगळे करणं, तालाच्या मात्रा ठरवणं, वाजवता वाजवता नोटेशन दुरुस्त करणं. शोधायला बसलो तर पेटंटांचा ढीग निघाला. शीर्षकं वाचून घाम फुटतो, दावे (पेटंटनं नेमका कशावर हक्क सांगितलाय ती कलमं) वाचले की जरा धीर येतो, कारण उल्लंघन ठरायला एखाद्या दाव्यातला प्रत्येक घटक आपल्या यंत्रात असावा लागतो. (दाव्यांची भाषा मात्र देवा!)

आता प्रश्न. दाव्यांची छाननी स्वतः कुठवर करावी आणि पेटंट वकिलाकडे कधी जावं? आधी नमुना पूर्ण करू की आधी तपासणी? अर्ज साधारण १८ महिने गुप्त राहतात, त्या आंधळ्या पट्ट्याचं तुम्ही काय करता? आणि सूर ओळखणारी एक लायब्ररी (तयार कोड) मी वापरतोय, ती एमआयटी या मुक्त परवान्याची आहे. त्यात अपाचे २.० या दुसऱ्या मुक्त परवान्यासारखी पेटंटची स्पष्ट परवानगी नाही. ती लायब्ररी बदलावी का?

हार्डवेअर विकायला काढलेल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.