मदत हवी आहे: सुरीच्या मुठीला बोल्स्टरपाशी फट पडली

खाडीकाठ:
शोभेची सुरी आहे. पातं साडेसात इंच, पाठीला चार मिमी जाड, फुल टँग, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या. मुठीच्या पुढच्या टोकाला, पात्याकडे, पितळेचे बोल्स्टर (जाड तुकडे), त्यावर वेलबुट्टी कोरलेली. श्रावणात मूठ बसवली तेव्हा सांध्यात कागदही शिरत नव्हता. आता डाव्या बाजूला पितळ आणि लाकूड यांच्यामध्ये नख जातं. रविवारी द्यायची आहे. लाकडाचा भुसा आणि फेव्हिक्विक भरून घासून टाकू का? लवकर सांगा.

ऐरण_राजापूर:
लाकूड कुठलं? किती सुकलेलं? चिकटवलंय कशाने? पिना किती आणि केवढ्या? फोटोही नाही. यातलं काहीच माहीत नसताना भुसा भरा की भरू नका, हे कसं सांगणार?

शिवणकाठी:
फणस असणार, पैज लावतो. मुठीला शिवण घ्या. हलकं असतं, सुकल्यावर फारसं आकसत-फुगत नाही, कानशीला चांगलं लागतं. पुढच्या वेळी शिवणच.

खाडीकाठ:
हो, फणसच आहे. वखारीतून आणलेला. पितळेच्या दोन पिना, चार मिमीच्या. पुढच्या वेळेचं नको, फट कशी बुजवू ते सांगा.

मालवणचो:
वखारीतला म्हणजे किती सुकलेला, ता सांग मरे! माळ्यावर चुलीच्या वर चार महिने ठेवायचा, मग असली भानगड होत नाही. पावसाळ्यात मूठ बसवली, आता हवा कोरडी, लाकूड आकसलं. यात शोधण्यासारखं काही नाही.

कानस_देवगड:
मालवणचो, थोडं थांबा. लाकूड आकसतं ते त्याच्या रेषांना (धाग्यांना) आडवं. रेषांच्या दिशेने लांबीत जवळजवळ आकसतच नाही. मुठीत रेषा लांबीने असतात, म्हणजे आकसलं तर रुंदी कमी होईल आणि टँगची कड लाकडाबाहेर येईल. पंचवीस मिमी रुंद मुठीला ती जेमतेम अर्धा मिमी भरते. बोल्स्टरपाशी नख जाण्याएवढी फट नुसत्या आकसण्याने पडत नाही. लाकूड टँगवरून सुटून उचललं गेलं असणार.

खाडीकाठ, दोन गोष्टी बघा. मुठीच्या पाठीवरून बोट फिरवा, टँगची कड लागते का? आणि फटीजवळ अंगठ्याने लाकूड दाबा, फट कमी होते का?

मालवणचो:
पण उचललं तरी ते सुकतानाच ना? आतली बाजू टँगला चिकटलेली, बाहेरची मोकळी. बाहेरची आधी सुकते आणि फळी वाकते.

कानस_देवगड:
ते मान्य. पण धरून ठेवणारं पक्कं असतं तर फळी वाकली नसती, फार तर कुठेतरी तडकली असती. म्हणून चिकटवलंय कशाने, हेच विचारतोय.

समुद्रवारा:
खाऱ्या हवेत पात्यालाही जपा. कोकमाचं आगळ चोळून ठेवा, काळपट रंग चढतो, छान दिसतो आणि गंजही धरत नाही.

ऐरण_राजापूर:
कृपा करून आगळ लावू नका. आगळात मीठ असतं, आमसुलांतही असतं. कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगपट्टीच्या) पोलादाला मीठ लागलं की पिनेच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत. रंगच हवा असेल तर कोमट व्हिनेगर, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून कोरडं करून तेलाचा हात.

कायदा_कोकण:
पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र नियमांत येतं. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत, पण शोभेची सुरी घरगुती म्हणून दाखवता येणार नाही.

खाडीकाठ:
साडेसात इंच लिहिलंय वर.

टँगची कड जराशी लागते. दाबलं की फट मिटते, सोडलं की परत. दोन ट्यूबवालं इपॉक्सी आहे, पाच मिनिटांत आवळणारं. शिकंजा चांगला घट्ट आवळला होता. शेवटी बफ मारला (चकाकीसाठी फिरत्या चाकावर घासलं) तेव्हा पितळ हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं.

कानस_देवगड:
मग कारण एक नाही, तीन आहेत. घट्ट आवळल्यावर इपॉक्सी सगळं बाहेर येतं, सांधा उपाशी राहतो. पाच मिनिटांचं इपॉक्सी दमट हवेत तसंही कमजोर. आणि साधं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बफने पितळ तापलं, ती उष्णता टँगमधून आत गेली आणि पकड तिथेच सुटली. लाकूड वाकलं ते नंतर.

भुसा-फेव्हिक्विक नको. आत पोकळी तशीच राहते आणि तिथे ओल साठून टँग गंजतो. उघडावंच लागेल. पिनेच्या डोक्यावर मधोमध पंच मारा, साडेतीनच्या ड्रिलने पोखरा, उरलेलं ठोकून काढा. पात्याला ओलं फडकं गुंडाळा, हीट गनने मूठ गरम करा, पातळ सुरी सारून फळी सोडवा. शंभर अंशांपर्यंत पोलादाचं काही बिघडत नाही.

आतून टँग कसा आहे, चकचकीत?

खाडीकाठ:
उघडली. इपॉक्सी सगळं लाकडाला चिकटून आलं, टँग आरशासारखा. बसवण्याआधी चारशेच्या पेपरने घासला होता, गंज नको म्हणून.

कानस_देवगड:
मग चौथं कारणही मिळालं, गुळगुळीत टँगला इपॉक्सी धरत नाही. टँग ऐंशीच्या पेपरने आडवा-उभा ओरखडा, तीन-चार भोकं पाडा म्हणजे दोन्ही बाजूंचं इपॉक्सी एकमेकांना धरेल. नंतर अ‍ॅसिटोनने पुसा आणि बोट लावू नका. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असतं. फळीची आतली बाजू काचेवर पेपर ठेवून सपाट करा. आता चोवीस तासांचं इपॉक्सी, आणि शिकंजा इतकाच की कडेने बारीक रेघ बाहेर येईल. शेवटचं घासणं हाताने. वेलबुट्टीवर आधी चिकटपट्टी लावा.

शिवणकाठी:
फळी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. आठवडाभर वजन हललं नाही तरच सुकली म्हणायची.

खाडीकाठ:
आठवडा नाही माझ्याकडे. रविवारी द्यायची आहे.

ऐरण_राजापूर:
मग ही फळी रविवारसाठी नाही. सुकलेली शिवण कुडाळात वखारीत मिळते, उद्या सकाळी जाऊन आणा.