अनुभव धागा: श्रद्धा असताना उत्क्रांतीचे पुरावे कसे वाचावेत?

घरात देवपूजा आहे, वारी आहे आणि उत्क्रांतीबद्दल मुळापासून वाचायचं आहे, अशांसाठी हा धागा. आधी काय घ्यावं, गल्लत कुठे होते, हे जाणकारांनी लिहावं. देव आहे की नाही यावर इथे चर्चा नको.

जनुकवेल: जीवाश्मांआधी दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र घ्या. माणसात गुणसूत्रं 46. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटानमध्ये 48. पूर्वज एक असेल, तर एक अख्खी जोडी नाहीशी झाली असं म्हणता येत नाही, कारण एवढी जनुकं गेल्यावर जीव तगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी जोडलेली सापडायला हवीत. ती तशी माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात सापडतात. गुणसूत्राच्या टोकाला असणारी टीटीएजीजीजी ही डीएनएच्या अक्षरांची पुनरावृत्ती इथे मधोमध दिसते आणि सांध्यापलीकडे ती उलट दिशेने जाते. हे 1991 मध्ये दाखवलं गेलं. चालू सेंट्रोमिअरशिवाय (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं तो भाग) दुसऱ्या, निकामी सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत. रंग दिल्यावर गुणसूत्रावर दिसणाऱ्या पट्ट्यांचा क्रम चिंपांझीच्या दोन गुणसूत्रांशी जुळतो. मात्र या जोडणीमुळे माणूस माणूस झाला असा अर्थ काढू नका. ती आपल्या शाखेत उरलेली खूण आहे, एवढंच.

‘एकाच निर्मात्याची एकच रचना असेल’ हा प्रश्न इथे हमखास येतो आणि तो रास्त आहे. त्यासाठी क जीवनसत्त्व बनवणारं गुलो जनुक पाहा. ते माणसात आणि चिंपांझीत, दोघांतही मोडलेलं आहे. सारखी रचना समजू शकते, पण सारख्या मोडतोडीचं काय, यावर थांबून विचार करा.

बेसाल्टप्रेमी: दहावीच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यातच कार्बन वयमापन येतं, म्हणून डायनासोरचं वयही कार्बनने काढतात असा समज होतो. कार्बन-14 चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) 5730 वर्षं. सुमारे 50,000 वर्षांपलीकडे तो मोजण्याजोगा उरत नाही. जुन्या खडकांना पोटॅशियम-अरगॉन किंवा झिरकॉन स्फटिकातलं युरेनियम-शिसं लागतं. वय बहुधा हाडाचं नसतं, त्याच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखीय थरांचं असतं. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. झिजलेल्या दगडातून पोटॅशियमपासून बनलेला अरगॉन निसटतो आणि वय कमी भरतं, म्हणून ताजा गाभा घेऊन अरगॉन-अरगॉन पद्धतीने पडताळतात.

तुळशीमाळ: दशावतार पुरावा म्हणून वापरू नका. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम ओळखीचा वाटतो, पण माणूस डुकराच्या वंशातून आलेला नाही. कल्पाच्या, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाच्या, 432 कोटी वर्षांचंही तेच. पृथ्वीचं सुमारे 455 कोटी हे वय 1956 मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) निघालं. आकडे जवळ आले म्हणून एकाने दुसरं सिद्ध होत नाही. असा आधार घेतला की उद्या विज्ञानाचा आकडा सुधारला तर श्रद्धा उगाच हलते. अवतारकथा भक्तीसाठी वाचाव्यात, हा माझा ठाम आग्रह. श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र नांदू शकतात: थिओडोसियस डोबझान्स्की आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती.

देवमासा: जीवाश्मांत इंडोह्यूस जरूर वाचा. जम्मूतल्या कालाकोटचा, साधारण 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा छोटा खुरवाला प्राणी. भूशास्त्रज्ञ रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांतून निघाला, 2007 मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कानाच्या हाडाची आतली कड देवमाशांसारखी जाड आहे. मात्र त्याला देवमाशांचा पूर्वज म्हणू नका: पाकिसेटस हा देवमासा त्याच्याआधीच होऊन गेला होता. इंडोह्यूस हा त्यांचा चुलत नातेवाईक.