ऑक्सिजन सेन्सरचा नट हलेना, घरीच बदलायचाय

वसमतचा शेतकरी
रामराम मंडळी. २०१२ची पेट्रोल गाडी आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. महिन्यापासून चेक इंजिनचा लाईट जाईना. मेव्हण्याच्या स्कॅनरवर पी०१३५ कोड आला. लिटरला १७ देणारी गाडी १३वर आलीय. माझं फिरणं घर ते शेतातला आखाडा, ४ किलोमीटर, तेवढंच. नवा सेन्सर आणून ठेवलाय. काल २२चा उघडा पाना लावला तर घसरला अन् नटाचे कोपरे मेले. आता जोर लावायची भीती वाटायली, मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे) आटेच निघून आले तर?

परभणीकर
भाऊ, आधी मीटर लावलं का? हा कोड हीटरच्या सर्किटचा आहे. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो अन् त्यावरून इंजिन पेट्रोल किती टाकायचं ते ठरवतं. साधारण ३०० अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. तो गेला की सेन्सर तापायला वेळ लागतो, तोवर इंजिन अंदाजानं पेट्रोल टाकतं. ४ किलोमीटरच्या फेरीत तुमची गाडी बहुतेक वेळ अंदाजावरच चालत असणार. कपलर (वायरींचा जोड) सोडून सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर मीटरनं ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजा. थोडेफार आले तर हीटर जिवंत आहे, मग फ्यूज अन् वायरिंग बघा. आखाड्यावर धान्य असेल तर उंदीर असणारच. माझी वायर त्यांनीच कुरतडली होती अन् मी नाहक नवा सेन्सर घेऊन बसलो.

नांदेडचा फिटर
हीटर मेलेला निघाला तर घाई करू नका. रात्री थंड गाडीवर, आट्यांच्या मुळाशी गंजाचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी ५ मिनिटं इंजिन चालवून बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, हातात जाड मोजे घाला. जुना सेन्सर टाकायचाच आहे, तर वायर कापा अन् वरून २२चा सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवा. उघडा पाना आता हातात धरूच नका. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, असं करत काढा. मधेच अडला तर ओढू नका, परत आत घेऊन स्प्रे मारा. आटे जातात ते इथंच, घाईत.
नव्याचे आटे आधी बोटांनीच लावा. शेवटचा आवळा साधारण ४० न्यूटन मीटर. आट्यांना पेस्ट कंपनीनं लावलेली असते, वर काही लावू नका. टोकाला तेलाचं बोटही नको, अन् सिलिकॉन तर जवळही आणू नका, सेन्सर मरतो.

वसमतचा शेतकरी
दादा, मीटरवर काहीच आलं नाही, हीटर तुटलेलाच होता. फ्यूज, वायरी ठीक निघाल्या. सॉकेटनं दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कट्’ असा आवाज आला अन् माझ्या पोटात गोळा आला, पण नट फिरला होता! अर्ध्यात एकदा अडला, तसाच आत घेतला, स्प्रे मारला, मग आला बाहेर. आटे सगळे शाबूत. कोड खोडला, आठ दिवस झाले, लाईट आला नाही. मायलेज पुढच्या टाकीला मोजून इथंच सांगतो.