ड्रॅगन बॉल झेड: क्रिलिन मागे पडला की पाडला?

कासवशिष्य (धागाकर्ता)

या जपानी चित्रमालिकेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास ठणकावतंच, "सैयान ते सैयान, माणूस तो माणूस. रक्तातच फरक आहे, सोडा." (सैयान म्हणजे परग्रहावरची लढवय्यी जमात, नायक गोकू त्यातलाच; त्याचा मित्र क्रिलिन मात्र माणूस.) मला हे अजिबात पटत नाही. मालिकेचे निर्माते अकिरा तोरियामांनी मध्येच खेळाचे नियम बदलले आणि नव्या नियमांत माणसांना जागा ठेवली नाही, एवढंच झालंय.

१९८४ मध्ये गोष्ट सुरू झाली तेव्हाचं आठवा. गोकू आणि क्रिलिन दोघेही मास्टर रोशीकडे शिकले. पहाटे घरोघर दूध घालायचं, मग नुसत्या हातांनी शेत नांगरायचं, तेही पाठीवर २० किलोचं कासवाचं कवच बांधून. पुढे ते ४० किलोचं झालं. दोघांची तालीम एकच, आणि तयार झाल्यावर दोघांत फरकही उन्नीस-बीसचाच. २१व्या विश्व मार्शल आर्ट्स स्पर्धेत गोकूला कोणी हरवलं? वेष पालटून उतरलेल्या म्हाताऱ्या रोशीने. २२व्या स्पर्धेत? तीन डोळ्यांच्या तिएनने. त्या काळात डावाला किंमत होती.

मग गोकूचा सैयान भाऊ रॅडिट्झ आला, डोळ्यावर स्काउटर (समोरच्याची शक्ती आकड्यात दाखवणारं यंत्र) लावून. समोर बंदूक धरून थरथरणारा शेतकरी: शक्ती ५. तिथून मालिका हिशेबाच्या वहीत शिरली. नामेक ग्रहावर खलनायक फ्रीझा स्वतःच्या तोंडाने ५ लाख ३० हजार सांगतो, आणि ते त्याचं पहिलंच रूप! या वहीत डाव कुठल्या रकान्यात लिहायचा?

आणि गंमत म्हणजे माणसं तरीही धावत होती. ज्या रॅडिट्झला गोकू आणि त्याचा जुना शत्रू पिकोलो मिळूनही आवरत नव्हता (गोकूचा जीव गेला तेव्हा कुठे तो मेला), त्याच्याच तोडीचे सायबामेन (बियांपासून उगवणारे छोटे लढवय्ये) दुसरा सैयान नाप्पाने वर्षभराने जमिनीतून उगवले. क्रिलिनने एका हल्ल्यात त्यातले तीन उडवले. एका वर्षात! हे कमजोर माणसाचं लक्षण आहे का?

नामेकचा_बेडूक

असहमत. लिखाण छान, पण मालिकेत स्वच्छ सांगितलेल्या गोष्टी तुम्ही सोयीने गाळल्यात.

सैयान मरणाच्या दारातून परत आला की आधीपेक्षा बळकट होतो. शेपूट असेल आणि पौर्णिमेचा चंद्र दिसला तर महाकाय वानर, ताकद दहापट. वर सुपर सैयान हे सोनेरी केसांचं बळकट रूप. यातलं एक तरी माणसाकडे आहे? नामेकवर सैयान राजपुत्र व्हेजिटा मुद्दाम क्रिलिनकडूनच स्वतःच्या पोटातून आरपार मारा करून घेतो, नामेकचा छोटा डेंडे त्याला बरं करतो आणि हा लगेच वरच्या पायरीवर. क्रिलिनने तेच करून पाहिलं असतं तर नुसताच मेला असता.

आणि फ्रीझाचं काय? जन्मात कधी व्यायाम केला नव्हता. परत जिवंत झाल्यावर जेमतेम चार महिने सराव केला आणि थेट सोनेरी रूप. रोशी बिचारा शेकडो वर्षं घाम गाळतोय. याला रक्त नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

ठाण्याची_बुल्मा

रक्ताचाच हिशेब करायचा तर नीट करू या. गोहान आणि गोतेन (गोकूचे मुलगे), ट्रंक्स (व्हेजिटाचा), तिघांच्याही आया माणसं. गोकूला सुपर सैयान व्हायला क्रिलिनचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहावा लागला. गोतेन आणि छोटा ट्रंक्स खेळता खेळता झाले. त्याच्या पुढची पायरी आधी कोणी गाठली? गोहानने, खलनायक सेलसमोर. म्हणजे सैयानात माणूस मिसळला की माल सुधारतो. शुद्ध रक्तवाल्यांनी यावर जरा बोलावं.

दुसरं, १८ नंबरची अँड्रॉइड. तिने सुपर सैयान व्हेजिटाचा हात मोडला होता. मूळची माणूस आहे ती.

नामेकचा_बेडूक

@बुल्मा, मिश्र मुलांचा मुद्दा मान्य, पण तिथेही इंजिन सैयानच. आणि १८ला माणूस कसं म्हणायचं? शास्त्रज्ञ डॉक्टर गेरोने बदल करून ठेवलेत, तिची शक्ती संपतच नाही. ही तर सरळ लबाडी.

ठाण्याची_बुल्मा

पूर्ण यंत्र १६ नंबर होता. १७ आणि १८ जिवंत माणसांवर केलेले प्रयोग आहेत. १८ला क्रिलिनपासून मुलगी झाली, यंत्राला होते का? आणि माणसाच्या देहात डोकं वापरून शक्ती भरली तर ती लबाडी, माकडाची शेपूट मात्र मेहनतीची कमाई?

मिस्टर_सेटनचा_भक्त

एवढं कशाला ताणताय? क्रिलिनने सेलनंतर लढणं सोडलं, लग्न केलं, पुढे पोलिसात लागला. शहाण्या माणसाने हेच करावं. गोकूसारखं बायको-पोराला टाकून वर्षानुवर्षं डोंगरावर बसायचं म्हणजे ताकद होय? शेवटी राक्षस बूविरुद्ध गोकूच्या ऊर्जागोळ्याला पृथ्वीवरून शक्ती मिळेना, कारण त्याला ओळखतं कोण! जगप्रसिद्ध मल्ल मिस्टर सेटनने हाक मारली तेव्हा लोकांनी हात वर केले. ज्याला सगळ्यांनी विदूषक ठरवला, त्याने जग वाचवलं. जय सेटन.

कासवशिष्य

सेटनभक्तांना दंडवत, पण धागा लढण्याबद्दल आहे.

@बेडूक, मरणातून परत येऊन बळ वाढण्याची किमया नामेकनंतर किती वेळा कामाला आली? तिचं नावही क्वचित निघतं. पुढे फरक पडला तो सरावाच्या सोयींनी. १०० पट गुरुत्वाकर्षणाच्या यानात कोण सराव करतो? गोकू. ३०० पटीत? व्हेजिटा. सेलच्या वेळी देवाच्या महालातली ती खोली उघडली, बाहेर एक दिवस तर आत अख्खं वर्ष. आत कोण गेलं? गोकू-गोहान, व्हेजिटा-ट्रंक्स (भविष्यातून आलेला मोठा), पिकोलो. बाप-लेक व्हेजिटा आणि ट्रंक्स तर दोनदा! तिएन आणि क्रिलिनला एकदाही नाही. ज्याला आखाड्यात पायच ठेवू दिला नाही त्याला कच्चा मल्ल ठरवायचं, हा कुठला न्याय?

आणि बाहेर राहिलेल्या तिएनने काय केलं ते परत एकदा पाहा. दुसऱ्या रूपातला सेल १८च्या मागे लागलाय. तिएन आभाळात उभा, दोन्ही तळव्यांचा चौकोन केलेला, खाली शिन किकोहोचा मारा. जमिनीत चौकोनी विहीर पडते. सेल वर यायला बघतो, हा पुन्हा मारतो. पुन्हा. प्रत्येक माऱ्यात स्वतःचं आयुष्य जळतंय हे त्याला माहीत आहे. सेलला ओरखडाही येत नाही, पण तो जागचा हलू शकत नाही आणि १८ निसटते. आकड्यांच्या वहीप्रमाणे हे घडायलाच नको होतं. तसंच क्रिलिनच्या फिरत्या ऊर्जा-तबकडीचं. नाप्पा ती हाताने झेलायला निघाला होता, व्हेजिटा ओरडला म्हणून वाचला, तरी गाल कापला गेलाच. फ्रीझाची शेपूटही त्याच तबकडीने तोडली. आणि महाकाय वानर झालेल्या व्हेजिटाची शेपूट कोणी कापली? यजिरोबे या माणसाने, साध्या तलवारीने.

नामेकचा_बेडूक

तिएनचा प्रसंग भारीच, वाद नाही. पण तीन डोळ्यांच्या माणसाला माणूस म्हणायचं का, हे आधी ठरवा. यजिरोबेने मागून वार केला. आणि क्रिलिनच्या तबकडीने फ्रीझा मेला का? नाही. तुमची सगळी उदाहरणं शत्रूला थोडा वेळ अडवण्याची आहेत. जिंकलेली मोठी लढत दाखवा.

कासवशिष्य

विश्वांमधली स्पर्धा. आठ विश्वांचे ८० योद्धे, शेवटी मैदानात उभा राहिला १७. गोकू बाहेर, व्हेजिटा बाहेर, फ्रीझा बाहेर. आणि मूळ गोष्टीच्या शेवटी गोकू कोणाला शिकवायला निघतो? ऊब, गरीब गावातला माणसाचा पोरगा.

नामेकचा_बेडूक

१७ यंत्रवाला. ऊब हा बूचा पुनर्जन्म. दोघेही बाद.

ठाण्याची_बुल्मा

तीन डोळे असले की बाद, शरीरात बदल केले की बाद, पुनर्जन्म असला की बाद, मागून मारलं की बाद. जो जो जिंकतो त्याला माणसांच्या यादीतून काढायचं आणि मग म्हणायचं माणसं कमजोर!

नामेकचा_बेडूक

नेहमी हरणारा योद्धा यमचा आहे ना यादीत. त्याला कोणी हात लावलेला नाही.