‘कलंक’ नको, मग काय?

अनुस्वार : धंदा करणाऱ्या बायकांसाठी मोबाइल कसा जपून वापरावा, याचं पत्रक मराठीत करते आहे. ‘स्टिग्मा’ला काय लिहू? एड्सच्या पत्रकांत सर्रास ‘कलंक’ येतं. पण कलंक म्हटलं की डाग तिच्याच अंगावरचा ठरतो. लावणारा दिसत नाही.

जुनी पोथी : ‘ठपका’ घ्या. तो कुणीतरी ठेवावा लागतो.

बाभूळ : ठपक्याआधी चूक गृहीत धरलेली असते. ‘नावं ठेवणं’ लिहा, इथे ते अक्षरशः खरं आहे. गिऱ्हाईक तिचा नंबर फोनमध्ये नको त्या शब्दाने साठवतं. कॉलर आयडीचं अ‍ॅप अशाच फोनबुकांतून नावं उचलतं. मग ती खोलीसाठी घरमालकाला फोन करते आणि त्याच्या स्क्रीनवर तो शब्द झळकतो. पत्रकात क्रम नीट द्या : आधी त्या अ‍ॅपमधलं स्वतःचं खातं बंद करायचं, मगच नंबर यादीतून काढायचा अर्ज. उलट केलं तर अडतं. दुसरं, वेगळं सिम घेतलं तरी यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेतलं नाव दिसतंच, कारण ते सिमवरून नाही, खात्यावरून येतं.

अनुस्वार : हे दोन्ही घेते. पत्रकाच्या शीर्षकात ‘देहविक्रय’ चालेल?

जुनी पोथी : देह विकला जात नाही, तो तिचाच राहतो. सरळ ‘वेश्या’ लिहा. सांगलीच्या बायकांनी १९९६ साली संघटना काढली, तिचं नावच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’.

काना-मात्रा : त्यांनी स्वतःला म्हणणं वेगळं, पत्रकाने त्यांना म्हणणं वेगळं. शिवाय शब्द वेषावरून आलाय, म्हणजे नटणंमुरडणं आलंच.

जुनी पोथी : वेष नव्हे, तालव्य श. संस्कृतात ‘वेश’ म्हणजे घर, वस्ती.

बाभूळ : कोर्टाच्या कागदांत बायकांबद्दल कुठले शब्द टाळावेत आणि त्याऐवजी कुठले वापरावेत, हे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या पुस्तिकेत ‘सेक्स वर्कर’ सुचवलं होतं, त्यावरही त्याच वर्षी आक्षेप आले. शब्दाइतकंच फोटोचं बघा. छापा, अटक, सुटका काहीही असो, माध्यमांनी ओळख उघड करू नये, हे त्याच न्यायालयाने १९ मे २०२२ला सांगितलंय. तरी नुसत्या डोळ्यांवर काळी पट्टी मारतात. हातावरचं गोंदण, साडीचा काठ, मागची पाटी तशीच. गावाकडच्या माणसाला तेवढं पुरतं, आणि बातमी जुनी झाली तरी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो.

काना-मात्रा : ‘कसबीण’ का नाही? कसब म्हणजे हुन्नर, कमाई. त्यात निंदा कुठे आहे?

अनुस्वार : मुळात नसेल, आज शिवीच आहे. बायकांच्या हातात पत्रक द्यायचं आहे, कोश नाही.

काना-मात्रा : शिवी वापरणाऱ्यांनी केली, म्हणून शब्द टाकायचा? कसबा पेठेतला ‘कसबा’ही त्याच धातूचा.

जुनी पोथी : मुळीच नाही. कसब्यातला अरबी ‘क’ कंठातून खोल येणारा, ‘स’ही जड. कसबमधले दोन्ही साधे. मराठीत येताना फरक बुजला, एवढंच.