उसात बिबट्या आहे म्हणायलेत, रात्री पाणी सोडायला जायचं की नाही?

शिवारातली सून:
आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या अंगाला. नाव लिहीत नाही, आधीच नको तितकी पोरं मोटारसायकली घेऊन "वाघ बघायला" येऊन जायलेत.

मंगळवारी रात्री डेअरीला दूध घालून येणाऱ्या एकानं ओढ्याच्या मोरीवर काहीतरी आडवं गेलेलं बघितलं. तो एवढंच म्हणाला, कुत्र्यापेक्षा मोठं आणि शेपूट लांब. सकाळी चहाच्या टपरीवर त्याचा बिबट्या झाला, दुपारी दळपाच्या गिरणीत त्याला दोन पिलं झाली, आणि संध्याकाळी जाऊबाई मला सांगायल्या की काळा वाघ आहे, डोळे हिरवे. ग्रुपवर पंजाचा एक फोटो पण फिरायलाय, आपल्याच शिवारातला म्हणून. आमचा मोत्या सोमवारपासून घरी नाही, हे मात्र खरं.

माझी अडचण वेगळी. मालक उद्यमबागेत फौंड्रीत, सेकंड शिफ्टला. थ्री फेज करंट या आठवड्यात रात्री 11 ला येतो. भात निघालं, पण दीड एकर ऊस उभा आहे, तोड अजून लांब. पाणी मी आणि आत्तीच, म्हणजे सासूबाईच, सोडतो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाटाच्या कडेनं वाकून दारं मोडायची असतात, म्हणजे खोऱ्यानं माती सारून पाणी वळवायचं. आत्तींचं म्हणणं, "आमच्या आज्ज्याच्या काळापासनं वाघ येतंय जातंय. ऊस वाळला तर वाघ पैसे देणार काय?"

खरंच बिबट्या आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आणि असला तर काय करायचं?

खोडसाळ:
रानडुक्कर असणार. आमच्याकडं गेल्या साली असंच झालं, शेवटी निघालं दुकानदाराचं वासरू.

जांबोटीकर:
डुकराचं शेपूट लांब असतंय होय रे?

ताई, मी खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला काजू करतो. आमच्याकडं भीमगड अभयारण्याच्या बाजूला पट्टेरीही आहे, बिबट्याही आहे, आणि लोक दोघांनाही "वाघ"च म्हणतात. तिथनंच निम्मा गोंधळ सुरू होतो. काळा म्हणाल तर तो वेगळा प्राणी नव्हे, बिबट्याच काळा जन्मतो. दांडेलीच्या जंगलात दिसतो. पण रात्री, लांबनं, टॉर्चच्या पलीकडं सगळंच काळं दिसतं.

डोळ्याचं सोडा, पाऊल बघा. कुत्र्याचा ठसा लांबट, पुढं नखांची टोकं उमटतात. तरसाचीही नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, ठसा गोल, नखं नाहीत. मागच्या गादीला खालच्या बाजूनं तीन फुगवटे असतात. रुंदी साधारण 7-8 सेंटीमीटर. पट्टेरीचा सहसा 10 च्या वरच. फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, नाहीतर पोरं मांजराचा पंजा जवळनं काढून वाघ करतात. ठसा मोरीजवळच्या ओल्या मातीत शोधा, वाळलेल्या ढेकळात काही कळत नाही. दुपारी जावा, दोघी जावा.

आणि पाण्याचं. बिबट्या उभ्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. दारं मोडताना बसू नका. एकटं जाऊ नका, बोलत जावा.

कॅम्पातला:
2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात काय झालं ते आठवा. 5 तारखेला जाधव नगरात बिबट्यानं एका बांधकाम कामगाराला जखमी केलं, मग तो गोल्फ कोर्सच्या झाडीत दिसायला लागला. आसपासच्या 22 शाळा बंद. त्याला शोधायला शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतनं दोन हत्ती आणले. सापडला नाही तो नाहीच. माझी मुलगी घरात बसून कंटाळलेली, आणि मला रोज फोटो यायचे. एका फोटोत मागं संगमरवरी फरशी आणि गुजराती पाटी होती, तरी खाली लिहिलेलं "आपल्या हनुमान नगरात, आत्ताच".

म्हणून ग्रुपवरचा फोटो आधी कुणी काढला ते विचारा. पाठवला कुणी हे नको, काढला कुणी.

चंदगडचा मास्तर:
गावात आता "पिंजरा लावा" सुरू होईल. घाई करू नका. जुन्नरला 2001 ते 2003 मध्ये बिबटे धरून दुसरीकडं सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे ते वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर बरंच काम केलंय. धरलेला बिबट्या परत आपल्या जागेकडं निघतो. 2009 मध्ये माळशेजजवळ सोडलेल्या एकाच्या गळ्यात जीपीएस पट्टा होता, तो चालत मुंबईच्या बाजूला पोचला, शंभरावर किलोमीटर. आणि तोडीच्या वेळी फडात पिलं सापडली तर उचलून घरी आणू नका, फॉरेस्टला कळवा. जागच्या जागी ठेवली तर आई बहुतेक वेळा रात्री येऊन नेते. तुमच्याकडं 1926 ला फोन लागतो.

शिवारातली सून:
सगळ्यांचे आभार. काल दुपारी आत्ती आणि मी मोरीपाशी गेलो. म्हशी उतरतात तिथल्या चिखलात चार ठसे मिळाले. गोल, नखं नाहीत. काडेपेटी आडवी ठेवली, दीड काडेपेटी भरली. घरी येऊन मुलाच्या कंपासमधल्या पट्टीनं मोजलं तर साडेसात सेंटीमीटर. पावलं ओढ्याच्या कडेनं धरणाकडं गेलीत, आमच्या फडाकडं एकही नाही.

ग्रुपवरच्या फोटोत चारही नखं स्पष्ट आहेत. ज्यानं टाकला त्याला विचारलं, तर त्याला सांबऱ्याच्या मेव्हण्यानं पाठवलेला. म्हणजे फोटो खोटा, जनावर खरं. आता गावात निम्मे लोक म्हणायलेत फोटो खोटा निघाला, वाघ नाहीच. त्यांना कोण समजावणार!

फोन केला. गार्ड आले, ठसे बघितले, बिबट्याच म्हणाले. शेळ्या रात्री आत बांधायला सांगितल्या. पिलांचं कुणी बघितलेलं नाही, गिरणीवाली मावशीही आता "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणते. मोत्या अजून आलेला नाही.

आज करंट 11 ला. शेजारच्या फडवाल्या दोघी आमच्याबरोबर येणार, दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी धरायचं ठरवलंय. आत्तींनी पत्र्याचं डबडं शोधून ठेवलंय. जांबोटीकर काका, दारं मोडताना बसू नका म्हणालात, पण आमच्या खोऱ्याचा दांडा आखूड, वाकावंच लागतं. मालकांना फोन केलाय, फौंड्रीतनं येताना लांब दांडा घेऊन येतो म्हणाले. ते यायला रात्री बारा वाजतील. तोवर आत्ती टॉर्च धरून माझ्या पाठीशी उभ्या राहणार.